वादळ ओसरल्याची बातमी आणि रानातला चर

बंगालच्या उपसागरातील वादळ किनाऱ्यावर येऊन कमजोर पडले अशी बातमी सायंकाळी आली की दुसऱ्या दिवशी आपल्या भागात दोन गोष्टी हमखास घडतात. बाहेर काढलेली ताडपत्री घडी होऊन पुन्हा माळ्यावर जाते आणि तुंबलेल्या पाण्याला वाट देणारे चर काढायला सांगून ठेवलेले दोन गडी भांगलणीकडे वळवले जातात. सांगली-सातारा जिल्ह्यांतील तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, खटाव आणि माण या तालुक्यांच्या रानांतून गेली अनेक वर्षे मी परतीच्या पावसात फिरत आलो आहे. या दिवसांत पिकांचे जे नुकसान मी पाहिले, त्यातील फार थोडे वाऱ्याने झालेले होते; बाकीचे सारे रानात तुंबून राहिलेल्या पाण्याने केले होते. म्हणून या सल्ल्यात चराचा विषय वारंवार येईल, त्याचा वाचकांनी कंटाळा करू नये.

हवामान खाते वादळाची प्रतवारी फक्त वाऱ्याच्या वेगावर लावते. ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वारा असेल तर डिप्रेशन, ५० ते ६१ असेल तर डीप डिप्रेशन आणि ६२ किंवा त्याहून अधिक असेल तर चक्रीवादळ; नावही या शेवटच्या पायरीवरच मिळते. उबदार समुद्रावरून उठणारी वाफ हे वादळाचे खाद्य असल्यामुळे किनारा ओलांडताच ते तुटते, जमिनीवर वाराही अडखळतो आणि प्रतवारी एकेक पायरी खाली येत जाते. मात्र या प्रतवारीत पाऊस कुठेच मोजलेला नसतो. ढगांनी वाहून आणलेली ओल तशीच असते, अरबी समुद्राकडूनही तिच्यात भर पडत राहते, आणि असा पट्टा सावकाश सरकत असला तर एकाच शिवारावर रात्रभर कोसळतो. थोडक्यात, ‘कमजोर’ हा शब्द वाऱ्यापुरता आहे.

ऑक्टोबर २०२० चे उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या अंगावरून गेलेले आहे. १३ ऑक्टोबरच्या सकाळी काकीनाड्याजवळ किनारा ओलांडणारी ती प्रणाली चक्रीवादळाच्या पायरीला पोहोचलीच नव्हती. ती डीप डिप्रेशन होती, त्यामुळे तिला नावसुद्धा नव्हते. तेलंगणात शिरल्यावर ती आणखी खाली उतरली, आणि तरीही १४ व १५ ऑक्टोबरला, ऐन चित्रा नक्षत्रात, सोलापूर, पुणे, सांगली आणि सातारा जिल्ह्यांत तिने केलेली अतिवृष्टी सोयाबीन, ऊस, हळद आणि द्राक्ष या सर्वांनाच भोवली. पुढे ती अरबी समुद्रात उतरून पुन्हा डिप्रेशन झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘गुलाब’ वादळाचे उरलेले अंग मराठवाड्यावरून सरकत अरबी समुद्रात गेले आणि तेथे त्याचेच ‘शाहीन’ झाले, हेही लक्षात ठेवावे.

त्या १४ तारखेला माझ्या स्वतःच्या हळदीच्या रानातही पाणी तुंबले होते, आणि त्याचा दोष दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही. बांधाखालून पाणी जाण्यासाठी सिमेंटचा नळा टाकलेला होता. मात्र त्याच्या तोंडाशी शेजारच्या फडातील पाचट येऊन अडकले आहे हे मी पाहिले नव्हते. आदल्या दिवशी मी कृषी सेवा केंद्रातून औषधाच्या चार बाटल्या आणल्या होत्या. नळ्याकडे एक चक्कर मात्र मारली नव्हती. सकाळी खोऱ्याच्या तीन-चार ओढीत तो गठ्ठा निघाला आणि पाणी वाहू लागले, तोपर्यंत खालच्या बाजूच्या आठ सऱ्यांत वरंबे पूर्ण बुडालेले होते. पुढच्या पंधरा दिवसांत त्या आठ सऱ्यांतील पाने कडेकडून पिवळी पडत गेली, आणि खोडाला धरून हलकेच ओढले की ते बुंध्यापासून सुटून हातात येई. त्याला आंबूस वास असे. वरच्या बाजूचे पीक त्याच बेण्याचे, त्याच खताचे होते आणि शेवटपर्यंत हिरवे राहिले.

पाण्याचा हिशेब एकदा मनाशी करून ठेवावा. १०० मिलिमीटर पाऊस पडला की एका गुंठ्यावर सुमारे दहा हजार लिटर पाणी येते, म्हणजे गुंठ्यामागे एक मोठा टँकर आणि एकरात चाळीस. यातील बराच भाग मुरमाड रान गिळून टाकते, परंतु सप्टेंबरच्या पावसाने आधीच तुडुंब झालेली कृष्णाकाठची काळी जमीन त्यातले फारसे घेत नाही. पांढऱ्या मुळीला हवा लागते. ती एक-दोन दिवस पाण्याखाली राहिली की काळी पडू लागते, आणि मुळी गेल्यावर पानावर कोणतेही टॉनिक मारले तरी ते घेण्यास खाली कोणी उरलेले नसते.

चर काढताना आधी रानाची सर्वांत खोलगट बाजू निश्चित करावी. ती डोळ्यांना दिसते त्याच जागी असते असे नाही, म्हणून गवंडी वापरतात ती पाणी भरलेली नळी घेऊन लेव्हल पाहावी. शंभर फुटांना तीन इंच उतार पुरेसा होतो. आतले चर दीड फूट खोल आणि बांधालगतचा मुख्य चर अडीच ते तीन फूट खोल असावा. ठिबकची सबमेन (जमिनीखालची पोटवाहिनी) ज्या ठिकाणी आडवी जाते तेथे जेसीबी न घालता हातानेच उकरावे, कारण फुटलेली सबमेन पावसात जोडता येत नाही. निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला टाकावी. वरच्या अंगाला टाकली तर तिचाच बांध होऊन पाणी चरात उतरत नाही. ही चूक मी दरवर्षी पाहतो, आणि ती जेसीबीवाल्यावर काम सोपवून घरी गेलेल्या मालकांच्या रानात अधिक दिसते.

परंतु चर न निघण्याचे खरे कारण मजुरी नसते, ते बांधापलीकडचा शेजारी असतो. पूर्वी प्रत्येक शिवारात पाण्याची ओघळ होती. वाटण्या झाल्या, रानाचे तुकडे झाले, प्रत्येकाने आपापली ओघळ नांगरून चार सऱ्या वाढवल्या आणि आता वरच्याचे पाणी खालच्याच्या पिकात उतरते, म्हणून खालचा बांध उंच करतो आणि वरचा रात्री तो फोडतो. पावसाच्या रात्री विजेरी घेऊन बांधावर झालेली भांडणे पुढे कचेरीपर्यंत गेलेली मी पाहिली आहेत. हे बोलणे आकाश कोरडे असतानाच उरकावे. दोन्ही बाजूंनी मिळून एक चर बांधालगत ओढ्यापर्यंत न्यावा, खर्च गुंठ्यांच्या प्रमाणात वाटावा, आणि शक्य असल्यास खालच्या रानाच्या मालकाला काकांच्या किंवा दादांच्या नात्याने आधी घरी जाऊन भेटावे. चर ओढ्याला मिळत नसेल तर तो चर नसून लांबट खड्डा आहे.

आता वादळाचा माग कसा ठेवावा, याविषयी. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात आंध्रच्या किनाऱ्यावरून येणारी प्रणाली तेलंगणा, कलबुर्गी-विजयपुरा आणि सोलापूर या वाटेने आली, तर ती आपल्याकडे जत, आटपाडी आणि माण या बाजूने शिरते. काकीनाड्यापासून सोलापूर साधारण सातशे किलोमीटर आहे, त्यामुळे किनारा ओलांडल्याची बातमी आल्यापासून हाताशी सुमारे दीड दिवस असतो. हाच दीड दिवस ‘कमजोर पडले’ या दोन शब्दांवर वाया जातो. मौसम आणि मेघदूत ही ॲप पाहावीत, दर मंगळवारी व शुक्रवारी येणारा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला वाचावा. मात्र जिल्ह्याला दिलेला यलो किंवा ऑरेंज अलर्ट आपल्या तालुक्याला जसाच्या तसा लावू नये. सातारा या एकाच जिल्ह्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारे महाबळेश्वर आहे आणि पाचशेच्या आसपास समाधान मानणारे माणही आहे. एरवी अलर्ट घाटाकडचा असतो. उगवतीकडून येणाऱ्या प्रणालीत तो आधी माण-आटपाडीचा असतो.

मोबाईलला रेंज नसली तरी एक जुनी रीत उपयोगी पडते. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे आणि डावा हात बाजूला पसरावा. कमी दाबाचा मध्य साधारण त्या हाताच्या दिशेला असतो. वारा उत्तरेकडून येत असेल तर मध्य अजून आपल्या पूर्वेला आहे आणि यायचा आहे. वारा पूर्वेचा झाला तर तो आपल्या दक्षिणेकडून चालला आहे, आणि दक्षिणेचा झाला की तो पश्चिमेला सरकला असे समजावे. याला जोडून माझा रानातला एक अदमास सांगतो, तो खात्याचा निकष नव्हे: उगवतीचा वारा सलग दुसऱ्या दिवशी दुपारी तीननंतरही पडला नाही आणि हवेत उकाडा राहिला, तर मी त्या रात्री रानातच मुक्काम करतो.

सांगलीकरांची नजर अशा वेळी कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीवर असते. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. परंतु अग्रणी पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळते आणि माणगंगा भीमेकडे जाते. त्यांचे पाणी आयर्विनला दिसणारच नाही. वर्षातील बहुतेक महिने कोरड्या असणाऱ्या या नद्यांच्या पात्रात आणि ओढ्यांवर ठेवलेल्या मोटारी, पाईप व स्टार्टर आदल्या दिवशीच वर घ्यावेत.

द्राक्षबागायतदारांनी पुढील मजकूर विशेष लक्षपूर्वक वाचावा. सप्टेंबरात फळछाटणी झालेल्या बागा ऑक्टोबरच्या मध्यावर पोंगा (डोळा फुटून कोंब निघणे) ते फुलोरा या अवस्थांत असतात आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगाला याहून सोयीचा काळ नाही. पानावर तेलकट डाग, खालच्या बाजूस पांढरी बुरशी, आणि एका रात्रीत तपकिरी होऊन वळलेला घड हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको. पाऊस येण्यापूर्वी मॅन्कोझेब ७५ टक्के २ ग्रॅम अधिक पोटॅशियम सॉल्ट ऑफ फॉस्फोरस ॲसिड ४ ग्रॅम प्रति लिटर ही फवारणी करून घ्यावी. निर्यातीच्या बागांनी काढणीपूर्व प्रतीक्षा काळ (शेवटची फवारणी ते काढणी यांत सोडायचे दिवस) लेबलवर पाहावा. पाऊस थांबताच तारा हलवून किंवा ब्लोअरची (ट्रॅक्टरमागच्या फवारणी पंख्याची) नुसती हवा मारून घडांतील पाणी झाडावे. रात्रभर घडात पाणी राहिले की सकाळच्या फवारणीचा निम्मा उपयोग गेलेला असतो.

ब्लोअर बागेत जाणार कसा, हा प्रश्न मात्र कोणी दुकानात विचारत नाही. ओळींमध्ये पाणी उभे असेल तर ट्रॅक्टर पहिल्याच वळणावर रुततो, आणि दोन-तीन दिवस वाफसा (चिखल सरून रान कामाजोगे होणे) येईपर्यंत महागड्या औषधाची बाटली शेडमध्ये पडून राहते. चर असलेल्या बागेत तोच ट्रॅक्टर पाऊस थांबल्यावर काही तासांत फिरतो. वादळाची बातमी आली की ‘ताण’ घालवणारी अमिनो, पावसात न धुपणारी सिलिकॉन स्टिकर आणि तीन-चार बाटल्यांचे एकत्र किट उधारीवर पुढे केले जाते. उधारी असल्यामुळे नाही म्हणवत नाही. माझे सांगणे एवढेच की त्या किटच्या किमतीत आपल्या भागात जेसीबी किती तास येतो हे आधी विचारावे, आणि मग ठरवावे.

हळद आणि आले या पिकांत, विशेषतः मिरज, वाळवा, कराड आणि कोरेगाव या पट्ट्यात, कंदकूज दिसू लागली असल्यास मेटालॅक्झिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के हे संयुक्त बुरशीनाशक ४ ग्रॅम किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईड ५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून मुळाशी ओतून आळवणी करावी. आळवणी वाफशावरच करावी. उभ्या पाण्यात ओतलेले औषध पाण्याबरोबर शेजाऱ्याकडे जाते. ट्रायकोडर्मा वापरायचा असेल तर तो एकरी २ ते २.५ किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून द्यावा आणि रासायनिक आळवणीच्या आठवड्यात टाकू नये.

बाकीची नेहमीची कामे:
कापलेले सोयाबीन उंचवट्यावर रचून ताडपत्रीने झाकणे, बुडाशी हवा खेळती ठेवणे.
ओल्या सोयाबीनची मळणी न करणे.
रब्बी ज्वारीची पेरणी वाफशापर्यंत थांबवणे.
कांदा रोपांचे गादीवाफे उंच करणे.
उसाला नत्राचा हप्ता पाऊस सरेपर्यंत न देणे.
डाळिंबात तेल्या रोगाचे डाग पडलेली फळे वेचून बागेबाहेर नष्ट करणे.
स्ट्रॉबेरीच्या सऱ्यांतील पाण्याची वाट मोकळी करणे.
विजा चमकत असताना झाडाखाली जनावरे न बांधणे.
पावसाआधी व नंतर पिकाचे तारखेसह फोटो काढणे, नुकसान झाल्यास तलाठी व कृषी सहायकांना त्वरित लेखी कळवणे, विम्याच्या चालू वर्षाच्या अटी वाचणे.

पाऊस उघडल्यावर तिसऱ्या दिवशी रानाच्या सर्वांत खोलगट कोपऱ्यात फूटभर खड्डा घ्यावा आणि अर्धा तास थांबावे. खड्ड्यात बाजूने पाणी झिरपून येत असेल तर वर जमीन कोरडी दिसली तरी ठिबक सुरू करू नये आणि चरात बसलेला गाळ त्याच दिवशी काढावा, कारण अरबी समुद्रात उतरलेल्या प्रणालीचा दुसरा पाऊस आठवडाभरात येऊ शकतो. खड्डा कोरडा राहिला तर मुळी उपसून पाहावी. ती पांढरी असेल तरच खताचा पुढचा हप्ता द्यावा.