साउंड कार्डाच्या पोटातला सिंथ बोलता कसा करायचा

मिडी फाइलमध्ये आवाज नसतो. कोणत्या चॅनलवर कोणता सूर, किती जोरात, कधी दाबला आणि कधी सोडला, एवढीच नोंद असते. म्हणून तर अख्खं गाणं काही केबीत मावतं. आवाज काढणारा वेगळा लागतो, तोच सिंथ. हल्ली ते काम सॉफ्टवेअर करतं. जुन्या साउंड ब्लास्टर लाइव्ह कार्डावर मात्र ते ईएमयू१०के१ ही चिप स्वतः करते. एका वेळी ६४ आवाज, प्रोसेसरवर जवळजवळ शून्य भार, आणि पट्टी दाबली की सूर हजर. विंडोजमधल्या मायक्रोसॉफ्ट जीएस वेव्हटेबल सिंथवर कीबोर्ड वाजवून पाहिला असेल, तर सूर बोटामागून रेंगाळत येणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

कार्ड नवं मिळत नाही. पुण्यात असाल तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, नाहीतर जुने कॉम्प्युटर मोडीत काढणाऱ्या ओळखीच्या माणसाला सांगून ठेवा. कार्ड हातात आलं की लेबलवरचं नाव वाचू नका, चिप वाचा. ‘लाइव्ह’ हे नाव क्रिएटिव्ह कंपनीने भलत्याच कार्डांनाही दिलं. ‘लाइव्ह २४-बिट’वर सीए०१०६ चिप आहे, तिच्यात सिंथच नाही. ऑडिजी एसईचीही तीच गत. चिपवर ईएमयू१०के१च्या पुढे एक्स असेल, तरी कार्ड परत ठेवा. ‘सगळी सारखीच हो साहेब’ असं विक्रेता म्हणेल; मोबाइलचा टॉर्च लावून स्वतः वाचा. आणि घरच्या मदरबोर्डवर साधा पीसीआय स्लॉट आहे का, ते घासाघीस करायच्या आधी बघा. पीसीआय एक्सप्रेसमध्ये हे कार्ड बसत नाही.

कार्ड बसवा, लिनक्स चालू करा. डेबियन किंवा उबुंटूमध्ये ड्रायव्हर आपोआप लागतो. वरून अल्सा-युटिल्स, एडब्ल्यूईएसएफएक्स आणि टिमजीएम६एमबी साउंडफॉन्ट ही तीन पॅकेजं टाका. साउंडफॉन्ट म्हणजे वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या नमुन्यांची, म्हणजे सॅम्पलची, फाइल. (टर्मिनलमध्ये पॅकेजांची आणि आज्ञांची नावं अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत.)

आता खरी अडचण. फाइल लावली, सेकंद पुढे सरकतायत, एरर नाही, आणि आवाजही नाही. इथेच बहुतेक जण कार्ड खराब आहे म्हणून पुन्हा डब्यात टाकतात. मिळणारा सल्लाही ठरलेला: ड्रायव्हर काढून पुन्हा टाका, स्पीकर तपासा. याच कार्डातून एमपी३ वाजत असेल तर ड्रायव्हर आणि स्पीकर दोन्ही ठीक आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

या शांततेचं पहिलं कारण म्हणजे सिंथ रिकामा असतो. १९९४च्या एडब्ल्यूई३२ कार्डावर १ एमबीची रॉम होती, वाद्यांचे आवाज तिच्यातच कोरलेले. लाइव्हवर तशी रॉम नाही. चिप कॉम्प्युटरच्या रॅममधून सॅम्पल उचलते. ती सॅम्पल तिथे तुम्ही भरायची, आणि मशीन बंद केलं की ती गेली. भरायची आज्ञा एएसएफएक्सलोड, तिच्यापुढे साउंडफॉन्ट फाइलचा पूर्ण पत्ता. टिमजीएमची फाइल ‘यूएसआर’मधल्या ‘शेअर’, त्यातल्या ‘साउंड्स’, त्यातल्या ‘एसएफ२’ फोल्डरमध्ये असते. ही आज्ञा लॉगिनच्या वेळी आपोआप चालेल अशी लावून टाका, नाहीतर रोज सकाळी हीच शांतता.

फाइल निवडताना हावरटपणा नको. लाइव्हला सॅम्पलसाठी ३२ एमबीपर्यंतच जागा दिसते. फ्लुइडआर३सारखा शंभर एमबीच्या वरचा संच तिच्यात मावणार नाही, कितीही गोड असो. टिमजीएम सुमारे ६ एमबीचा आहे, सुरुवातीला तोच बरा. एसएफ३ ही दाबून लहान केलेली फाइल असते, चिपला ती कळत नाही, एसएफ२च घ्या.

दुसरं कारण पोर्ट. एप्लेमिडीला -एल जोडून चालवलं की यादी येते. तिच्यात एक नाव एमपीयू-४०१ असतं. तो कार्डामागच्या १५ पिनांच्या जॉयस्टिक सॉकेटमधून बाहेरच्या वाद्याकडे जाणारा रस्ता. तिकडे पाठवलेलं संगीत कार्डाबाहेर जातं आणि तिथे ऐकायला कोणी नसतं. तुम्हाला हवा तो ‘ईएमयू१०के१ वेव्हटेबल’, त्याचे चार पोर्ट दिसतात. त्यातल्या पहिल्याचा आकडा, समजा १७:०, -पी नंतर लिहा आणि मग फाइलचं नाव. आकडा पाठ करू नका. यूएसबी मिडी कीबोर्ड जोडला की तो बदलू शकतो. दरवेळी नाव बघा.

तिसरं कारण मिक्सर. अल्सामिक्सर उघडा, एफ६ दाबून हेच कार्ड निवडा. गाण्यांची पट्टी ‘वेव्ह’, मिडीची वेगळी, तिचं नाव ‘सिंथ’ किंवा ‘म्युझिक’. ती शून्यावर असली तर मास्टर कितीही चढवा, काही उपयोग नाही.

चौथं कारण सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षातच येत नाही. हार्डवेअर सिंथचा आवाज पल्सऑडिओ किंवा पाइपवायर या लिनक्समधल्या आवाज वाटून देणाऱ्या प्रोग्रॅममधून जातच नाही. तो चिपमधून थेट कार्डाच्या मागच्या भोकात येतो. म्हणजे मॉनिटरचे एचडीएमआय स्पीकर, ब्लूटूथ हेडफोन, मदरबोर्डच्या हिरव्या सॉकेटमधली वायर, यातलं काहीही चालणार नाही. वायर कार्डालाच लावा.

मिडी कीबोर्ड जोडायला एकनेक्ट ही आज्ञा: आधी कीबोर्डचा पोर्ट, मग सिंथचा. झालं.

वाद्य बदलताना एक घोळ हमखास होतो. १९९१च्या जनरल मिडी तक्त्यात वाद्यं १ ते १२८ मोजली आहेत, पण फाइलमधून आकडा जातो तो ० ते १२७. तक्त्यात सतार १०५, पाठवायचा १०४. १०५ पाठवलात तर बँजो वाजतो. ११२वरच्या सनईसाठी ११२च पाठवलं, तर मंगलाष्टकांच्या आधी छोटी घंटी किणकिणते. काही सॉफ्टवेअर एक आपणच वजा करतात, काही करत नाहीत, म्हणून सतारीवर एकदा तपासून घ्या. हार्मोनियम तक्त्यात नाही. जवळचा म्हणजे २१वरचा रीड ऑर्गन. चॅनल १० तालवाद्यांचा.

तबलाही तक्त्यात नाही, पण साउंडफॉन्टचा खरा फायदा इथेच आहे. पॉलिफोन या साउंडफॉन्ट बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये टिमजीएमची प्रत उघडा आणि बँक १ (बँक म्हणजे वाद्यांचा एक संच), प्रोग्रॅम ० वर नवा प्रीसेट, म्हणजे नवं वाद्य, करा. बँक ० ला हात लावू नका, तिथे पियानो आहे. एका पट्टीला एकच बोल द्या: ना, तीं, गे, के. बोलाची रूट की (ज्या पट्टीवर तो मूळ सुरात वाजतो ती) त्याच पट्टीवर ठेवा, नाहीतर काळी चारचा तबला भलत्याच सुरात बोलेल. ‘धा’ रेकॉर्ड करू नका. ना आणि गे एकदम दाबा, तोच धा. आता हे नीट वाचा: गे आणि के या दोघांना एकाच क्रमांकाचा एक्सक्लुझिव्ह क्लास द्या. डग्ग्याची घुमारी चालू असताना के पडला की ती तिथेच तुटते, जशी तळव्याने तुटते. हे केलं नाही तर केच्या खाली गे घुमतच राहतो आणि ठेका चिखलात बसल्यासारखा वाटतो. दोन सेकंदांचा मोनो बोल ४४,१०० हर्ट्झ, १६ बिटला सुमारे १७६ केबी होतो, त्यामुळे डझनभर बोल २ एमबीच्या आसपास बसतात. वाजवताना आधी बँक निवडणाऱ्या कंट्रोलर ० वर १ पाठवा आणि मगच प्रोग्रॅम ०. नुसती बँक बदलून वाद्य बदलत नाही.

६४ आवाज भरपूर वाटतात, पण स्टीरिओ सॅम्पल एका सुराला दोन आवाज खातं. त्यात लांब रिलीजचा (पट्टी सोडल्यावर सूर विरायला लागणाऱ्या वेळाचा) तानपुरा आणि दाबून ठेवलेलं पेडल आलं, की जुने सूर मधेच तुटतात. सूर गळताना दिसले तर आधी तानपुऱ्याचा रिलीज कमी करा, कार्डाला दोष देऊ नका.

रेकॉर्ड करायचं असेल तर अल्सामिक्सरमध्ये एफ४ दाबून कॅप्चरच्या बाजूची सिंथची पट्टीही चढवा. वाजतंय म्हणजे रेकॉर्ड होतंय असं नाही, म्हणून आधी दहा सेकंदांची चाचणी ऐका.