जुनी डिझेल पिकअप घेताय? या चुका टाळा

जुनी पिकअप बघायला गेलं की बहुतेक जण आधी बॉनेट उघडतात, सेल्फ मारून आवाज ऐकतात, एक फेरी मारतात आणि थेट किमतीवर येतात. बोलेरो पिकअप असो, टाटा २०७ असो की अशोक लेलँड दोस्त, सगळ्यात महागडे बिघाड या पद्धतीत नजरेतून सुटतात. इंजिन बांधता येतं, त्याचे पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतात. तडे गेलेली किंवा वाकलेली चेसिस मात्र पूर्ववत होत नाही, कितीही वेल्डिंग केलं तरी. म्हणून इंजिन गार आहे एवढं हात लावून बघा आणि आधी गाडीखाली शिरा.

खाली न वाकता वरचा रंग बघणं

टॉर्च, छोटी हातोडी, तारेचा ब्रश आणि मेजरिंग टेप एवढं सामान पुरतं. पिकअपची चेसिस ठरावीक ठिकाणी दगा देते: केबिन संपून हौदा सुरू होतो तिथे, मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरपाशी आणि आडव्या पट्ट्या चेसिसच्या लांब उभ्या रेलला मिळतात तिथे. दीड टनाच्या गाडीत अडीच-तीन टन कांदा किंवा वाळू वर्षानुवर्षे वाहिली की तडे इथूनच सुरू होतात. संपूर्ण चेसिस धुळकट आणि मधलाच एखादा फूट नवा काळा रंग दिसला तर तिथे ब्रश मारा. रंगाखाली वेल्डिंगचा थर किंवा वरून जोडलेली पट्टी निघाली तर किंमत कमी करून घेण्यापेक्षा दुसरी गाडी शोधा.

दोन्ही बाजूंचे पाटे मोजा. कंपनीच्या पाट्यांपेक्षा एक-दोन पाटे जास्त असतील तर गाडी कायम जादा भरली गेली, हे मालकाने न सांगताही कळतं. मग स्टिअरिंग सरळ करून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचं अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजा. एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकला आहे किंवा चेसिस वाकली आहे. पहिली गोष्ट दुरुस्त होते, दुसरीच्या नादी लागू नका.

कोकणात मासळीच्या धंद्यात राबलेली गाडी असेल तर जास्त वेळ द्या. बर्फाचं खारट पाणी हौद्यातून सतत रेलवर ठिबकत राहतं आणि गंज आतून बाहेर येतो. हातोडीने हलके ठोकत जा. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर तिथला पत्रा आतून खाल्लेला आहे. ब्रेकचे पाइप त्याच रेलला धरून जातात, त्यांच्यावरही पापुद्रे सुटलेत का बघा.

पुराच्या पाण्यात राहिलेली गाडीही अशीच लपते. २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडे आणि २०२१ मध्ये चिपळूण-महाडकडे असंख्य गाड्या बुडाल्या. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला बसलेला बारीक गाळ आणि वायरिंगच्या कनेक्टरमधली हिरवी बुरशी धुऊन सहसा जात नाही.

विकणाऱ्याने गरम करून ठेवलेलं इंजिन बघणं

गरम डिझेल इंजिन जवळपास सगळे दोष झाकतं. सकाळी जा, आणि तुम्ही पोहोचायच्या आधी गाडी चालू करू नका असं फोनवरच सांगा. बॉनेट गरम लागलं तर दुसऱ्या दिवसाची वेळ घ्या.

सुरू करण्याआधी रेडिएटरचं झाकण काढा. कूलंटवर तेलाचा तवंग नको आणि नुसतं गंजकट पाणीही नको. डिपस्टिकवरचं ऑइल काळं असणं डिझेलमध्ये नेहमीचंच. दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय. पातळी वरच्या खुणेच्याही वर आणि वास डिझेलचा असेल तर इंधन ऑइलमध्ये उतरतंय, आणि अशा पातळ ऑइलवर बेअरिंग फार दिवस तग धरत नाहीत. चावी ऑन केल्यावर ऑइल प्रेशरचा दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर बल्ब काढलेला असू शकतो, आणि त्यामागचं कारण शोधावंच लागतं.

आता सेल्फ मारा. सुरुवातीला थोडा पांढरा धूर येऊन विरला तर ठीक. तो टिकून राहिला आणि डोळ्यांना झोंबला तर डिझेल अर्धवट जळतंय. निळा धूर ऑइलचा. जोर दिल्यावर दाट काळा धूर आला तर एअर फिल्टर, नोझल किंवा टर्बो.

मग आयडलवर (रेस न देता इंजिन चालू ठेवून) ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवा. हलकी वाफ चालते. झाकण नाचायला लागलं किंवा उडून पडलं तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला गॅस खाली गळतोय आणि रिंग-लायनरचं काम निघालं. या वेळी रेडिएटरचा वरचा होजही दाबून बघा. इंजिन अजून गार असताना मिनिट-दोन मिनिटांतच तो दगडासारखा टणक झाला तर हेड गॅस्केटमधून कॉम्प्रेशनची हवा पाण्यात शिरतेय.

इंजिन गरम झाल्यावर दहा मिनिटं आयडलवर सोडा आणि एकदम रेस द्या. निळ्या धुराचा झोत आला तर व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचं सील गेलंय. ऑइलचा दिवा गरम आयडलवर मिणमिणत असेल तर बेअरिंग झिजलेत. काही जण जाड ऑइल टाकून ही दोन्ही लक्षणं तेवढ्यापुरती दडपतात, म्हणून डिपस्टिकवरचं ऑइल अगदी नवं आणि घट्ट असेल तर संशय धरा.

सीआरडीआय गाडीचं डिझेल न तपासणं

सीआरडीआय म्हणजे कॉमन रेल: पंप एकाच नळीत (रेलमध्ये) जोरदार दाबाने डिझेल भरतो आणि तिथून ते सगळ्या इंजेक्टरना जातं. अशा गाडीच्या डिझेल फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी असेल तर खाली बसतं. उन्हात धरल्यावर धातूचा चमकणारा चुरा दिसला तर सौदा तिथेच सोडा: हाय प्रेशर पंप झिजतोय, तो चुरा या रेलमधून सगळ्या इंजेक्टरपर्यंत जातो आणि मग पंप, इंजेक्टर बदलून टाकीसुद्धा साफ करावी लागते. चुरा नसला तरी पंप-नोझलवाल्याकडून रिटर्न टेस्ट करून घ्या. प्रत्येक इंजेक्टरचा रिटर्न पाइप एकेका सारख्या बाटलीत सोडून इंजिन चालवतात. ज्या बाटलीत इतरांपेक्षा बरंच जास्त डिझेल जमतं तो इंजेक्टर गेलेला असतो.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाडीच्या सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवा. काजळी लागली तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) खराब तरी झालाय किंवा आतून काढून टाकलाय.

रिकामी गाडी सपाट रस्त्यावर चालवणं

रिकामी पिकअप सगळीच बरी वाटते. पाच-सहाशे किलो माल टाकून जवळच्या घाटात किंवा लांब चढावर न्या. क्लच सरकतो तो चढावर, उंच गिअरमध्ये: रेस वाढते, वेग वाढत नाही. तापमानाचा काटाही तिथेच खरं सांगतो. उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढा आणि गिअर आपोआप सुटतो का बघा. वेग धरताना आणि सोडताना मागून येणारी घूं घूं मागच्या अ‍ॅक्सलमधल्या डिफरन्शियलची, तर निघताना होणारी 'टक्' बहुधा प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसची (सांध्याची). क्रॉस स्वस्तात बदलतो, डिफरन्शियल नाही.

कागद शेवटी बघणं

चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप घ्या आणि आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर जुळवा. परिवहनच्या साइटवर कर्जाचा बोजा, फिटनेस, विमा आणि थकलेली चलनं बघा. मालवाहू गाडीला ८ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी लागतो आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो, तो थकलेला असेल तर किमतीतून वजा करा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतानाच मालकाच्या आधार-पॅनच्या सही केलेल्या प्रती घ्या, नंतर तो फोन उचलेलच असं नाही.