आघाडी सरकारची टर्म कशी समजून घ्यायची

आधी एक पक्कं करा, सरकार पडलं म्हणजे विधानसभा गेली असं नाही, सभागृहाची पाच वर्षं पहिल्या बैठकीपासून मोजतात. मग वही घ्या आणि महाराष्ट्राचा २०१९ चा निकाल लिहा: भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. २८८ मध्ये बहुमत १४५. शेवटच्या तिघांनी मिळून उद्धव ठाकरेंचं आघाडी सरकार केलं, त्यांची बेरीज १५४ येते, म्हणजे हाताशी जेमतेम ९ जास्त, म्हणून जून २०२२ ला शिवसेना फुटली तेव्हा ठाकरे सरकार गेलं, पण तीच विधानसभा २०२४ पर्यंत चालली. हे गणित प्रत्येक मतदाराला यायलाच हवं, मनापासून सांगतेय. आणि विश्वासमताच्या दिवशी गैरहजर किती तेही बघा, कारण हजर राहून मत देणाऱ्यांचंच बहुमत धरतात. ४ जुलै २०२२ च्या विश्वासमतात नवे मुख्यमंत्री एकनाथ शिंदेंच्या बाजूने १६४, विरोधात ९९.