प्रोजेक्टचं डिस्कशन लिहिताय? आधी "मुळे" शब्द खोडा

टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) प्रोजेक्टमध्ये टेबल, ग्राफ सगळं होतं आणि डिस्कशनला गाडी अडते. माझीपण तिथेच अडलेली, म्हणून यंदा ज्यांनी गोदावरीचं पाणी तपासायचा विषय घेतलाय त्यांच्यासाठी लिहितेय.

समजा नाशिकच्या गंगापूर धरणाजवळ डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) 7.8 मिग्रॅ/लि आला आणि शहरातल्या रामकुंडाच्या घाटावर 6.1. हात लगेच लिहून मोकळा होतो, "निर्माल्य आणि सांडपाण्यामुळे डीओ घटला." अहो पण निर्माल्य मोजलंत का? बीओडी (जंतूंना पाण्यातली घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) केलात का? नाही ना, मग "मुळे" लिहायचं नाही. धरणावरचं सॅम्पल सकाळी 7 ला आणि रामकुंडाचं दुपारी 1 ला घेतलं असेल तर पाणीच तापलेलं असतं, 20 अंशाला स्वच्छ पाण्यात साधारण 9 मिग्रॅ/लि ऑक्सिजन मावतो तिथे 30 अंशाला साडेसातच मावतो. त्यात शेवाळ असेल तर ते उन्हात ऑक्सिजन सोडतं, म्हणजे आकडा उलटा वर जाणार. आणि बाटलीत बुडबुडा राहिला, किंवा ऑक्सिजन जागीच पक्का करणारी मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड ही रसायनं घाटावरच न टाकता बाटली तशीच कॉलेजला नेली, तर तो फरक नदीचा आहे की तुमच्या हाताळणीचा हे सांगताच येत नाही. हे सगळं डिस्कशनमध्ये लिहा, लपवू नका. मार्क जात नाहीत, खरंच.

आकडा कशाशी ताडला तेही हवं. सीपीसीबीचा (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा) आंघोळीच्या पाण्याचा निकष डीओ किमान 5, बीओडी जास्तीत जास्त 3 मिग्रॅ/लि. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस 10500 इथे लावू नका, त्यात डीओ नाहीच. म्हणजे 6.1 निकषात बसतो, तेवढ्यावरून "प्रदूषित" म्हणता येत नाही.

सीनियरची फाइल समोर ठेवून तर अजिबात लिहू नका, त्यांचा महिना वेगळा, धरणातून पाणी सोडलं की गोदा वेगळीच असते. गाईडकडे अख्खा चॅप्टर नेण्यापेक्षा एक परिच्छेद न्या, तो नीट वाचला जातो.

कन्क्लुजन चार-पाच ओळी बास. एममध्ये (प्रोजेक्टच्या उद्देशात) जे विचारलंय त्याचंच उत्तर, "शासनाने उपाययोजना करावी" वगैरे नको. फरक छोटा आला, किंवा आलाच नाही, तरी घाबरू नका, तोही रिझल्टच आहे. "फेब्रुवारीत या दोन ठिकाणी डीओमध्ये 1.7 मिग्रॅ/लि फरक आढळला, कारण ठरवायला एकाच वेळेची सॅम्पलं आणि बीओडी लागेल" एवढं लिहिलंत की बाइंडिंगला टाका.