सुवार्ता समजून घ्यायची तर अभ्यासाला बसावं कसं?

जन्मापासून चर्चमध्ये बसणाऱ्या माणसालाही ‘सुवार्ता म्हणजे नक्की काय’ असं विचारलं की उत्तर अडखळतं. कुणी म्हणतं प्रेम, कुणी म्हणतं चांगलं वागणं, कुणी म्हणतं आजारातून सुटका. यातलं काहीच पूर्ण खोटं नाही, पण सुवार्ता ही आधी येशूच्या बाबतीत जे घडलं त्याची बातमी आहे. आपण काय करायचं, आपल्याला काय मिळतं, हे त्याच्या मागून येतं. हा क्रम उलटला की वर्षानुवर्षं पवित्र शास्त्र वाचूनही हाती सल्ल्यांचं गाठोडंच राहतं. खालच्या बहुतेक सूचना हा क्रम सांभाळण्यासाठीच आहेत.

आधी पुस्तकाचं बघू. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या बऱ्याच घरांत बोलणं मराठी आणि मुलांची शाळा कन्नड असते. याची अडचण न मानता फायदा करून घ्यावा. गटात एकाने मराठी पवित्र शास्त्र मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने कन्नडमधून बोट धरून सोबत चालावं. पुस्तकांची नावं जवळपास सारखीच आहेत, आपला मत्तय तिथे मत्ताय होतो एवढंच, आणि अध्याय-वचनांचे आकडेही जुळतात. जिथे दोन भाषांतरं वेगळं बोलताना दिसतील तिथे थांबून तिसरं, सोप्या मराठीतलं भाषांतर उघडावं. कॅथलिक घरातल्या पवित्र शास्त्रात ७३ पुस्तकं असतात, प्रोटेस्टंट घरातल्यात ६६, पण हा फरक जुन्या करारातला आहे. नव्या कराराची २७ पुस्तकं दोघांचीही तीच, त्यामुळे दोन्ही घरांतली माणसं एकत्र बसायला काहीच हरकत नाही.

सुरुवात मार्कपासून, म्हणजे मार्कने लिहिलेल्या शुभवर्तमानापासून करा. सोळाच अध्याय आहेत, मोठ्याने वाचले तर दीड तासाच्या आसपास लागतो. पहिल्या खेपेला शक्यतो एकाच बैठकीत, नाहीतर दोन बैठकांत संपवा. रोज एक अध्याय वाचण्याची सवय चांगली आहे, पण ओळखीच्या पहिल्या वाचनाला ती मारक ठरते, कारण कथेचा वेगच कळत नाही. शिवाय अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आणि वचनांचे आकडे सोळाव्या शतकातले, ते मूळ लेखकाचे नव्हेत. मार्क ९:१ (नवव्या अध्यायाचं पहिलं वचन) हे वाक्य खरं तर आठव्या अध्यायाच्या शेवटाशी जोडलेलं आहे, आणि अध्याय संपला म्हणून पुस्तक मिटणाऱ्याला ते तुटक वाटतं.

दुसऱ्या वाचनाला वही घ्या. पानावर तीन रकाने पाडा: येशू काय करतो, काय बोलतो, आजूबाजूचे लोक त्यावर काय म्हणतात. ‘यातून मला काय बोध’ हा रकाना मुद्दाम ठेवू नका. तो ठेवला की डोळे तिकडेच धावतात आणि समोर लिहिलेलं वाचायचं राहून जातं.

या वहीचं खरं काम दिसतं ते आठव्या ते दहाव्या अध्यायात. ८:२९ मध्ये पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. लगेच ८:३१ मध्ये येशू सांगतो की मला दुःख सोसावं लागेल, मारलं जाईल, तीन दिवसांनी मी उठेन. हेच तो ९:३१ मध्ये आणि १०:३३-३४ मध्ये पुन्हा सांगतो. आता तिसरा रकाना बघा. पहिल्यांदा पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. दुसऱ्यांदा शिष्य वाटेत वाद घालतात, आपल्यात मोठा कोण. तिसऱ्यांदा याकोब आणि योहान उजव्या-डाव्या बाजूच्या जागा मागतात. त्यावर १०:४५ येतं: मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला नाही तर सेवा करायला आणि पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव द्यायला आला. या सगळ्या भागाच्या अलीकडे एक आंधळा आहे, बेथसैद्याचा (८:२२), पलीकडे दुसरा, बार्तीमय (१०:४६). दोघांना दिसू लागतं, मधल्या शिष्यांना मात्र दिसत नाही. सुटी वचनं पाठ करणाऱ्याला ही मांडणी कधीच भेटत नाही. अकराव्या अध्यायापासून पुढचे सहाही अध्याय यरुशलेमेतल्या शेवटच्या दिवसांचे आहेत. लेखकाने पुस्तकाचा एवढा मोठा वाटा कशाला दिला, यावरूनच त्याच्या लेखी बातमी कुठली ते कळतं. एक सूचना: १६:९-२० हा भाग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. म्हणून काही प्रतींत तो कंसात किंवा टीप देऊन छापतात. नवख्याने त्यावरून घाबरू नये, आणि त्यातल्या साप उचलण्याच्या वाक्यावर कुठला सिद्धांतही उभारू नये.

मार्क झाला की १ करिंथ १५:१-११ वाचा. हे पत्र साधारण इ. स. ५५ च्या सुमाराचं. ते लिहिणारा प्रेषित पौल इथे सांगतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, आणि मग तो कुणाकुणाला दिसला त्यांची यादी. वहीत हे चार मुद्दे एका पानावर लिहा. मग प्रेषितांच्या कृत्यांमधली तीन भाषणं (अध्याय २, १० आणि १३) त्या पानाशी ताडून बघा. श्रोते बदलतात तसा सूर बदलतो, पण गाभा हलत नाही. पुढे कुठल्याही सभेतलं किंवा मोबाइलवरचं प्रवचन ऐकताना हेच पान कसोटी म्हणून वापरायचं.

रोमकरांस पत्रावर लगेच उडी घेऊ नका. आधी गलतीकरांस, सहाच अध्यायांचं. तिथे पौलाला राग का आला आहे ते समजलं की रोमकरांस निम्मं सोपं होतं. २:११-१४ वर पूर्ण एक बैठक द्या. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसत होता. यरुशलेमेहून माणसं आल्यावर तो उठून वेगळा झाला, आणि पौलाने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. पौलाचं म्हणणं, ही नुसती वागण्यातली चूक नाही, हे सुवार्तेच्या सत्याला सोडून आहे. आपल्याकडे प्रार्थनेला एका बाकावर बसणारी घरं सोयरीक जुळवताना मूळ जात विचारतात. हा विषय गटात निघाला की काका-मावशी मंडळी गप्प होतात, पण टाळू नका. देवासमोर माणूस ज्या आधारावर उभा राहतो तो जर ख्रिस्त असेल, तर पंगतीत कोण कुठे बसेल हेही त्याच आधारावर ठरायला हवं. सुवार्ता समजली की नाही, हे यापेक्षा स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं.

रोमकरांस पत्राचे पहिले आठ अध्याय सावकाश, आठवड्याला एक. ३:२१-२६ हा कणा. चौथ्या अध्यायात पौल उत्पत्ती १५:६ चा आधार घेतो: अब्राहामाने विश्वास ठेवला आणि ते त्याच्या लेखी नीतिमत्त्व म्हणून गणलं गेलं. याकोबाच्या पत्रात (२:२३) हेच वचन आहे आणि तिथे निष्कर्ष उलटा वाटतो. इथे नवखे हमखास अडकतात. दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. पौल विचारतो, देव माणसाला कशावरून स्वीकारतो. याकोब विचारतो, कृतीशिवायचा विश्वास जिवंत आहे का. इफिस २:८-९ (तारण कृपेने, कर्मांनी नाही) पाठ असणाऱ्याने दहावं वचनही (आपण सत्कृत्यांसाठी घडवलेले आहोत) पाठ केलं की हा गुंता बराच सुटतो.

आता चुका. सर्वांत मोठी म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला चर्चमध्ये मिळालेलं वचन पत्त्याशिवाय, म्हणजे ते कुणाला आणि कधी लिहिलं हे न बघता वापरणं. यिर्मया २९:११ मधलं आशेचं वाक्य बाबेलात नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षं थांबायला सांगितलं आहे. फिलिप्पै ४:१३ हे यशाचं नाही, त्याच्या आधीच्या वचनात उपासमार आणि टंचाई आहे. वचन मिळालं की आधी मागची-पुढची दहा वचनं वाचावीत.

दुसरी चूक जास्त घातक आहे. ‘बरं वाटत नाही म्हणजे तुमचा विश्वास कमी पडला’ असं आजाऱ्याला सांगणारे असतात. त्यांना तीन ठिकाणं दाखवा: पौलाने विनवूनही त्याच्या शरीरातला ‘काटा’ निघाला नाही (२ करिंथ १२:७-९), तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (१ तीमथ्य ५:२३), त्रफिम आजारीच मागे राहिला (२ तीमथ्य ४:२०). देव बरं करतो असं आम्ही मनापासून मानतो आणि त्यासाठी प्रार्थनाही करतो. पण कुणाच्या सांगण्यावरून शुगर-बीपीच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, आणि बरं होण्याच्या बदल्यात पैसे मागणाऱ्याच्या सभेला पुन्हा जायचं नाही.

गट सहा ते आठ जणांचा असावा, बैठक सव्वा तासाची. नियम एकच: उत्तर देणाऱ्याने वचनाचा आकडा सांगायचा. सुटले नाहीत ते प्रश्न कागदावर लिहून पाळकसाहेबांकडे किंवा फादरांकडे न्यायचे. चिकोडी, अथणी, निपाणीकडे ऊसतोड सुरू झाली की गट ओस पडतात, म्हणून पेरण्या आटोपल्यावर पावसाळ्यात सुरुवात करावी. दिवाळीपर्यंत मार्क आणि गलतीकरांस आरामात होतात. रोमकरांस लेंटसाठी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळासाठी ठेवावं.

असा शोध बेळगावाला नवा नाही. लंडन मिशन या इंग्रज मिशनरी संस्थेचं काम इथे १८२० मध्ये सुरू झालं. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पद्मनजी १८३१ मध्ये बेळगावातच जन्मले, इथल्या मिशन शाळेत शिकले आणि बरीच वर्षं वाचन-वादविवाद केल्यावर १८५४ मध्ये इथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा बाप्तिस्म्याच्या किंवा दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गात एखादा प्रश्न सुटला नसेल तर ‘मला अजून वेळ हवा’ असं पाळकांना सरळ सांगावं. पुढे रीतसर शिकायचं असेल तर बेंगळुरूचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज किंवा पुण्याचं युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. तिथे शिकवणं मुख्यतः इंग्रजीतून चालतं, त्यामुळे अर्ज करण्याआधी वर्षभर इंग्रजी वाचनाची सवय करावी आणि मार्कची ती तीन रकान्यांची वही सोबत न्यावी.