ट्रान्सपोजचे बटण आणि जॅझच्या बारा पट्ट्या

डोंबिवलीला पेटी शिकून पुढे अकरा वर्षे भावगीतांचे कार्यक्रम आणि लग्नसमारंभांतले ऑर्केस्ट्रे यांत कीबोर्ड वाजवल्यावर मी जॅझकडे वळले, तेव्हा माझी समजूत अशी होती की कॉर्ड तर मला येतातच, आता त्यांच्या जागी जरा वजनदार कॉर्ड बसवायला शिकले की झाले. रीहार्मोनायझेशनचे, म्हणजे गाण्याच्या मूळ कॉर्ड बदलून दुसऱ्या घालण्याचे, माझे आकलन एवढेच होते. आज त्या समजुतीचे मला हसू येत नाही, कारण ती निस्तरण्यात तीन वर्षे गेली आणि ती अजूनही पुरती निस्तरलेली नाही. टू-फाइव्ह-वन म्हणजे काय, सेव्हन्थ कॉर्ड कशी बनते, हे ज्यांना सांगावे लागत नाही अशा नवख्यांसाठी मी हे लिहीत आहे. त्यातही ऑर्केस्ट्रातून आलेल्यांसाठी अधिक, कारण मी ज्या खड्ड्यात पडले तो बहुधा त्यांच्याच वाटेवर आहे.

तो खड्डा म्हणजे ट्रान्सपोजचे बटण. माझी पहिली पेटी स्केलचेंजर होती. गायकाची पट्टी काळी चार असो वा काळी पाच, पट्ट्यांची चौकट सरकवायची आणि बोटे होती तिथेच ठेवायची, ही सवय बाराव्या वर्षापासून लागलेली. पुढे कीबोर्ड आला आणि चौकट सरकवण्याचे कामही बटणावर आले. ऑर्केस्ट्रात यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. पट्टी गायिकेची, बटण माझे आणि बोटे कायमची पांढरी एकमध्ये, म्हणजे सी मेजरमध्ये. अकरा वर्षांत चाळीसेक गायिकांबरोबर मी सगळ्या पट्ट्यांतून वाजवले असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी एकाच पट्टीत वाजवले होते.

वांद्र्याला एका ओळखीच्यांच्या घरी पहिली तालीम ठरली. बेसवर एक वयस्कर गोवेकर गृहस्थ होते, ज्यांना सगळे जण अंकल म्हणत. त्यांनी जेरोम कर्न यांची १९३९ सालची ‘ऑल द थिंग्ज यू आर’ ही रचना काढली. तिची मुख्य पट्टी ए फ्लॅट, म्हणजे आपली काळी चार. मी नेहमीप्रमाणे बटणावर उणे चार केले आणि पांढरी एकमध्ये हात ठेवून निर्धास्त बसले. पाच बार (चार-चार मात्रांचे तुकडे) सुखाने गेले. सहाव्या बारला गाणे पांढरी एककडे वळते, आणि तिथे माझ्या बोटांना पांढरी तीनमध्ये जावे लागले, जिथे ती आयुष्यात कधी गेली नव्हती. पुढे गाणे काळी दोनमध्ये जाते, तेव्हा दाबायची पांढरी पाच. मग ते पांढरी पाचमध्ये जाते, तेव्हा दाबायची पांढरी सात. मधल्या भागात ते पांढरी तीनला पोहोचते, तेव्हा दाबायची काळी चार. छत्तीस बारच्या एका गाण्यात पाच पट्ट्या आणि बटण मात्र एकच. दुसऱ्या फेरीत मी केवळ डावा हात हलवत होते, उजवा मांडीवर होता.

अंकल थांबले, माझ्या हातांकडे वाकून पाहिले आणि म्हणाले, “बाय, तुझा हात पांढऱ्यावर दिसतो आणि आवाज काळ्यातून येतो. मी काय बघू आणि काय ऐकू?”

या वाक्याचा अर्थ समजायला मला बराच काळ लागला, म्हणून तो इथे फोडून सांगते. जॅझमध्ये कॉर्ड बदलण्याची सूचना कोणी तोंडी देत नाही. बेसवाला कानाने ऐकतो आणि डोळ्याने तुमचा डावा हात वाचतो. तुम्ही ‘जी सेव्हन’ कॉर्डच्या जागी ‘डी फ्लॅट सेव्हन’ घ्यायला निघाला आहात हे त्याला अर्धी मात्रा आधी तुमच्या मनगटावरून कळते. बटण दाबलेले असेल तर तुमचा हात त्याच्याशी खोटे बोलत असतो. शिवाय तुमच्या डोक्यातही दोन हिशेब चालू राहतात: एक वाजणाऱ्या सुराचा आणि दुसरा दाबायच्या सुराचा. गाणे सरळ असेपर्यंत दुसरा हिशेब झोपलेला असतो. गाण्याने पट्टी बदलली की तो जागा होतो, आणि तेवढ्यात कॉर्डच्या जागी कॉर्ड घालण्याचा तिसरा हिशेब आला की सगळेच कोसळते. मी कॉर्ड शिकले नव्हते, पांढरी एकमधले बोटांचे आकार शिकले होते, आणि हा फरक मला कोणी आधी सांगितला असता तर मी त्याच्यावर चिडले असते हेही खरे.

खेदाची गोष्ट अशी की हे ज्ञान याच शहरात होते. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी, टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे अमेरिकी कृष्णवर्णीय वादक वाजवत होते. गोव्याच्या चर्चशाळांत स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकून आलेली मंडळी जॅझमध्ये मुरली आणि अशाच गोवेकर मंडळीतले सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे संगीतसंयोजक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात स्थिरावले. कागदावर ज्या पट्टीत लिहिले असेल त्या पट्टीत ते वाजवायचे. आपल्या कानांवर जे हार्मनीचे संस्कार आहेत ते बरेचसे त्यांच्याकडून आलेले आहेत. आम्ही कीबोर्डवाल्यांनी त्यांच्याकडून सूर घेतले, शिस्त घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी मी बटणावर काळी इलेक्ट्रिक टेप चिकटवली. त्यानंतर जे केले ते फार कंटाळवाणे आहे, पण दुसरा मार्ग मला सापडला नाही. रोज एक पट्टी, त्यात फक्त डाव्या हाताने टू-फाइव्ह-वन (पट्टीतल्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या सुरावरच्या कॉर्ड ओळीने), आणि तेही कॉर्डचा मूळ सूर, म्हणजे जिच्यावर ती उभी असते तो रूट, न वाजवता. पांढरी एकमध्ये डी मायनर सेव्हनसाठी म ध सा ग. त्यातल्या सा चा नी केला की तोच हात जी सेव्हनचा होतो, म ध नी ग. चारपैकी तीन बोटे जागची हलत नाहीत. आता याच जी सेव्हनच्या जागी डी फ्लॅट सेव्हन हवी असेल तर म आणि नी तसेच ठेवायचे, ध चढवून कोमल नी करायचा आणि ग उतरवून कोमल ग करायचा. ट्रायटोन सबस्टिट्यूशन (सेव्हन्थ कॉर्डच्या जागी तीन पूर्ण सुरांच्या अंतरावरची सेव्हन्थ कॉर्ड घेणे) म्हणून ज्याचा एवढा बोलबाला आहे ते हाताच्या पातळीवर इतकेच आहे: दोन सूर स्थिर, दोन सूर अर्ध्या पायरीने सरकलेले.

यातली खरी गंमत मला अंकलनी दाखवली. म, कोमल नी, शुद्ध नी, कोमल ग हीच मूठ मी धरून ठेवली आणि त्यांनी खाली आधी कोमल रिषभ व नंतर पंचम वाजवला. पहिल्या वेळी ती डी फ्लॅट थर्टीन्थ झाली आणि दुसऱ्या वेळी जी ऑल्टर्ड (वरचे सूर चढे-उतरे केलेली जी सेव्हन), माझे एकही बोट न हलता. म्हणजे कॉर्ड कोणती हे अर्ध्याहून अधिक बेसवाला ठरवतो. म्हणूनच माझे मत असे झाले आहे की नव्या कीबोर्डवाल्याने गुरू शोधायचा तर पियानोवादक शोधू नये, बेस वाजवणारा शोधावा. पियानोवादक तुम्हाला आणखी कॉर्ड देतो, बेसवाला नको असलेल्या काढून घेतो. हे मत अनेकांना पटत नाही आणि मी ते बदलणारही नाही.

डाव्या हातातून मूळ सूर काढण्याचे धैर्य होत नसेल तर पियानोवादक बिल एव्हान्स यांच्या त्रयीने २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये केलेले ध्वनिमुद्रण ऐकावे, आणि एव्हान्सकडे लक्ष न देता बेसवर स्कॉट लाफारो काय करत आहेत ते ऐकावे. पियानोने खालची जागा रिकामी सोडली आहे म्हणून बेसला तिथे गाता येते. त्या दिवसानंतर अकराव्या दिवशी लाफारो अपघातात गेले. पंचवीस वर्षांचे होते.

डाव्या हाताचा हाच सराव मग पांढरी चारमध्ये, मग काळी पाच, काळी दोन, काळी चार, असे चौथ्या सुराने पुढे जात बारा दिवसांत एक फेरा होतो. हिशेब न करता हात आपोआप पडू लागायला मला चौदा महिने लागले. कोणी तुम्हाला तीस दिवसांत रीहार्मोनायझेशन शिकवतो म्हणत असेल तर तो पांढरी एकमध्येच शिकवणार आहे हे ओळखावे. असे शिकवणाऱ्यांच्या छोट्या चित्रफितींतल्या युक्त्या खोट्या नसतात. पण त्या पाहून आलेला वादक पहिल्या आठ बारमध्येच सगळ्या वापरून मोकळा होतो, आणि मग गाणे उरत नाही.

नवी कॉर्ड घालण्यापूर्वी त्या क्षणी वर गाणारा सूर कोणता आहे हे पाहणे, एवढा एकच नियम मी पाळते. पांढरी एकमध्ये डी फ्लॅट सेव्हन घेतली आणि वर पंचम असेल तर फार सुंदर लागतो. शुद्ध रे, शुद्ध ग, शुद्ध ध हे तिखट होतात, पण खपतात. षड्जाचे मात्र जमत नाही, कारण कॉर्डमधला नी त्याला खेटून बसलेला असतो. आता आपल्याकडचे गायक काय करतात? समेच्या आधीच षड्जावर येतात आणि तो धरून ठेवतात. एका कार्यक्रमात मी नेमकी तिथेच ही कॉर्ड घातली आणि गायिकेने गात असतानाच वळून माझ्याकडे जे पाहिले ते मी विसरलेले नाही. मध्यंतरात त्या एवढेच म्हणाल्या, “ताई, माझा सा तुम्ही कुठे नेलात?” भावगीतांच्या कार्यक्रमात न विचारता कॉर्ड बदलू नयेत. ज्यांना बदलायच्याच असतील त्यांनी तालमीत बदलाव्यात.

आपल्या कानाचा आणखी एक धोका आहे. डी फ्लॅट सेव्हनमध्ये कोमल रे, म, कोमल ध आणि नी हे चार सूर येतात, आणि ते चारही भैरवातले आहेत. त्यामुळे सुरुवातीला ही कॉर्ड आली की माझा उजवा हात आपोआप कोमल रिषभावर आंदोलन घ्यायला लागायचा. ऐकायला वाईट नव्हते, पण जॅझ राहत नव्हता.

इतके वाचून कोणी घाबरले असेल तर १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांची ‘जायंट स्टेप्स’ ऐकावी. पांढरी सात, पांढरी पाच आणि काळी दोन या तीन पट्ट्यांतून ती भरधाव फिरते. पियानोवर टॉमी फ्लॅनगन आहेत, आणि इतक्या मोठ्या वादकाचा सोलो तिथे अडखळतो, तुटतो आणि शेवटी नुसत्या कॉर्डवर येतो. १९८२ मध्ये त्यांनी तीच रचना स्वतःच्या त्रयीबरोबर पुन्हा ध्वनिमुद्रित केली आणि ती डौलात वाजवली. फ्लॅनगनना अडखळण्याची मुभा असेल तर आपल्यालाही आहे. मात्र कोल्ट्रेनच्या या कॉर्ड पहिल्या दोन वर्षांत दुसऱ्या गाण्यात घालण्याच्या फंदात पडू नये.

वाद्याविषयी मला फारसे सांगायचे नाही, कारण नवख्यांचा निम्मा वेळ त्यातच जातो. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचे, वजनदार पट्ट्यांचे वाद्य घरी असावे, कारण मुठीतला सर्वांत वरचा सूर थोडा पुढे आणि बाकीचे मागे ठेवणे हलक्या पट्ट्यांवर शिकता येत नाही. परंतु सव्वा मीटरहून लांब आणि बारा किलोंच्या आसपास वजनाचा तो पाट घेऊन संध्याकाळच्या लोकलमध्ये चढता येत नाही, म्हणून मी तालमीला अजूनही जुना एकसष्ट पट्ट्यांचाच नेते. डावा हात मूळ सूर वाजवत नसेल तर एकसष्ट पुरतात.

दोन गोष्टी मात्र मला महागात पडल्या. ध्वनिव्यवस्थेवाला एकच वायर मागतो. ती मागच्या ‘एल-मोनो’ लिहिलेल्या छिद्रातच लावावी आणि दुसरे रिकामे ठेवावे. उजव्या छिद्रातून एकटी वायर दिली तर पियानोचा अर्धाच भाग बाहेर जातो आणि आवाज पोकळ होतो. मी एक पूर्ण कार्यक्रम स्वतःच्या बोटांना दोष देत काढला होता. दुसरी गोष्ट सस्टेन पेडलची. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची स्थिती तपासतात. त्या क्षणी पाय पेडलवर असला तर ते उलटे चालते: दाबले की सूर तुटतो आणि सोडले की लांबतो. अशा वेळी वाद्य बंद करून, पाय उचलून पुन्हा चालू करावे. इतके सोपे आहे, पण रंगमंचावर सुचत नाही.

बटणाचा मी तिरस्कार करते असे मात्र नाही. पडदा उघडायला पाच मिनिटे असताना गायिकेचा घसा बसला आणि तिने अर्धा सूर खाली मागितला, तर टेप काढावी, बटण दाबावे आणि निमूटपणे वाजवावे. पोटापाण्याच्या कार्यक्रमात तत्त्वे मिरवू नयेत. कार्यक्रम संपल्यावर ते शून्यावर आणायला मात्र विसरू नये. मी एकदा विसरले होते आणि पुढच्या तालमीत पहिल्या चार बारमध्ये अंकलनी आपला बेस दोनदा सुरात लावून पाहिला.

ती टेप आता कडांना उचकटली आहे, तिच्या चिकट भागावर धूळ बसली आहे, तरी मी ती बदललेली नाही. काळी तीनमध्ये माझा हात अजून अडतो, कारण तिथे सगळी वस्ती काळ्या पट्ट्यांची आणि सबस्टिट्यूशन घेतले की एकदम जी सेव्हन येते. अकरा वर्षांची ओळखीची मूठ नेमकी तिथे समोर आली की बोटांना वाटते आपण पांढरी एकमध्ये पोहोचलो आणि ती पुढे सी मेजरवर जाऊन बसतात. अंकलना हे ठाऊक आहे. येत्या रविवारच्या तालमीला त्यांनी पट्टी सांगून ठेवली आहे: काळी तीन.