नार्सिससचं तळं आणि माझा पहिला लघुपट

फिल्मच्या कोर्सला पहिल्या वर्षी दहा मिनिटांच्या लघुपटासाठी मी नार्सिससची ग्रीक पुराणकथा घेतली. ग्रीसमधल्या बिओशिया प्रांतातला देखणा शिकारी, जवळ येईल त्याला झिडकारणारा, शेवटी पाण्यातल्या स्वतःच्याच रूपात गुंतून तिथंच झिजून गेलेला. एक नट, एक पाणवठा, खर्च कमी.

पहिल्या मसुद्यात माझा नार्सिसस पाण्यात बघून केस सावरत होता. मग ओव्हिड या रोमन कवीच्या ‘मेटामॉर्फसीज’ या काव्याचा तिसरा भाग वाचला आणि तो मसुदा फाडला. तिथं तो तहानेला होऊन वाकतो आणि आत दुसरंच कुणी आहे असं समजतो. त्याचे ओठ हलतात, पण शब्द कानावर येत नाहीत. ‘हा तर मीच!’ हे त्याला फार उशिरा कळतं. म्हणजे गर्व आधीच्या नकारांत आहे, तळ्याकाठी आहे ती ओढ. म्हणून नटाला ‘गर्विष्ठ दिस’ असं सांगू नका. मी आमच्या नटाला म्हटलं, आत कुणीतरी अडकलंय, त्याला बाहेर काढायचंय.

कथेत नार्सिससवर जीव जडलेली इको ही वनदेवताही आहे; ती फक्त दुसऱ्याचे शेवटचे शब्द बोलू शकते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हे संवाद लिहायला मला फार आवडलं. तो ओरडतो, ‘माझ्या मागे येऊ नकोस, तिथंच थांब!’ आणि झाडीतून विनवणी येते, ‘थांब...’ तिचा आवाज आम्ही नंतर इमारतीच्या जिन्यात रेकॉर्ड केला.

खरी परीक्षा पाण्याची. पहिल्या दिवशी नदीवर वरून टॉप शॉट लावला, तर चेहऱ्याऐवजी तळाचे गोटेच दिसले. पाण्यावर सरळ पडणाऱ्या प्रकाशाचा जेमतेम 2 टक्के भाग परत फिरतो. कॅमेरा जितका खाली, पाण्याला लगटून, तितकं प्रतिबिंब ठळक. कॅमेरा खाली आणला तर चेहरा काळा पडला, कारण पाण्यात त्याच्यामागे लख्ख आकाश होतं. त्यात लेन्सवर पोलरायझर हा फिल्टर तसाच राहिला होता. तो पाण्यावरची चकाकी कमी करतो, आणि आम्हाला हवी होती ती चकाकीच!

दुसऱ्या वेळी अंगणात विटांचा चौकोन रचला, काळी ताडपत्री अंथरली आणि चार बोटं पाणी भरलं. नटाच्या मागे-वर काळा कपडा ताणला. दिवा पाण्यावर न टाकता थर्माकोलवरून चेहऱ्यावर घेतला. फोकसचं मात्र पक्कं लक्षात ठेवा: तो पाण्याच्या पृष्ठभागावर लावायचा नाही. लेन्सपासून पाणी आणि पाण्यापासून चेहरा, ही दोन्ही अंतरं मिळून जे होतं तिथं लावायचा. आमचे सात टेक त्यात गेले.

ओव्हिडकडे त्याचे अश्रू पाण्यात पडतात, चेहरा मोडतो आणि तो ‘जाऊ नकोस’ म्हणून कळवळतो. आम्ही ड्रॉपरने थेंब सोडला. लाटा विटांवर आपटून परत येत होत्या, म्हणून कडेनं जुने टॉवेल बुडवले. मग पाणी शांत होईपर्यंत नट हलला नाही, मीही ‘कट’ म्हटलं नाही. डोळे, नाक, ओठ एकेक करून परत जुळत आले. शेवटचा शॉट म्हणून तोच ठेवला.